दोन जावा, एक कणगी

लग्नात, बारशाला, एस.टी.च्या रांगेत, कुणी विचारलं की तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता, तर आधी मी खरं सांगायचो. म्हणायचो, मेल सर्व्हर सांभाळायचो. समोरचा म्हणायचा, म्हणजे पोस्टात होता. मी म्हणायचो, पोस्टात नाही हो, लातूरच्या एका शिक्षण संस्थेत. संस्थेची कॉलेजं लातूरला, नांदेडला, उदगीरला, धर्माबादला. तिथल्या सगळ्यांचे ई-मेल ज्या मशिनीतून येतात-जातात, ती मशीन माझ्याकडं होती. त्यावर तो म्हणायचा, "बरं, पेन्शन हाय का पण?" शेवटी मी बेजार झालो. आता कुणी विचारलं की सांगतो, हाव, पोस्टात होतो.

ह्या अंकाच्या संपादकांना मात्र खरं पाहिजे आहे, आणि तेही गमतीदार. गमती लई आहेत. पण त्यातल्या एका गमतीपायी नांदेडच्या एका बाईंची नऊ वर्षांची नोकरी जाता जाता राहिली, आणि गेली असती तर माझ्या हातानं गेली असती. तेवढी एकच सांगतो, बाकीच्या जागा मिळेल तशा येतील.

आधी काम काय ते ऐका. मेल सर्व्हर म्हणजे एक काळं डबडं. आत पंखा घरघरतो, बाहेर दोन हिरवे दिवे. कुणी मेल पाठवला की तो तिथं येऊन पडतो आणि ज्याचा त्यानं उघडेपर्यंत पडून राहतो. उघडल्यावरही राहतो, कारण माणसं काही पुसत नाहीत. आमच्या लोकांनी ऑफिसच्या मेलमध्ये मुलीची पत्रिका, बोअरचं कोटेशन, मेहुण्याच्या वास्तुशांतीचे फोटो, सगळं साठवून ठेवलेलं. मशीन चालू असली की बिराजदार नावाचा माणूस संस्थेत आहे हे कुणाच्या ध्यानात नसायचं. बंद पडली की पाच मिनिटांत माझ्या खानदानाची चौकशी सुरू व्हायची.

गिऱ्हाईकंही एकेक. उदगीरचे एक प्राचार्य मेल वाचायचे नाहीत, छापून घ्यायचे. छापलेल्या कागदावर लाल शाईनं उत्तर लिहायचे, सही ठोकायचे आणि तो कागद स्कॅन करून पाठवायचे. मी एकदा समजावायला गेलो तर म्हणाले, मशिनीवर माझा राग नाही, पण ती सही ओळखत नाही. धर्माबादचे कार्यालय अधीक्षक त्यांच्यावर ताण. ते आधी मेल पाठवायचे. मग फोन करून विचारायचे, मेल धाडलाय, पोचला का? आणि पोचला म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच कागदाची छापील प्रत देऊन एक माणूस लातूरला धाडायचे. माणसाच्या हातात कधी कधी धर्माबादी मिरच्यांची पिशवीही असायची, त्यामुळं आमची तक्रार नव्हती. पण मी ऑफिसात त्या अधीक्षकांची नक्कल करून लोकांना हसवायचो. पुढं जे झालं त्यानंतर ती नक्कल मी बंद केली.

तर, एका वर्षी ऐन प्रवेशाच्या दिवसांत डबडं बसलं ते तीन दिवस उठलंच नाही. सचिव साहेबांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, पुन्हा असं झालं तर मेलचं काम पुण्याच्या कंपनीला देऊन टाकतो आणि तुम्हाला प्रयोगशाळेत बसवतो. मी तिसऱ्या दिवशी प्रस्ताव घेऊन हजर. एकाऐवजी दोन मशिनी घ्यायच्या. दोघींना जोडून एक मोठी सामाईक साठवणपेटी, सगळे मेल त्या पेटीत. काम एकच मशीन करणार, दुसरी नुसती बसून राहणार. पहिली पडली की दुसरीनं उठायचं, पेटीचा ताबा घ्यायचा, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही.

खरेदी समितीत हे कुणाला कळेना. नुसती बसून राहणार ती मशीन घ्यायची कशाला, हाच प्रश्न फिरून फिरून. मग मी म्हणालो, असं समजा, घरात दोन जावा आहेत आणि धान्याची कणगी एक. स्वयंपाक थोरली करते. थोरली तापानं पडली की धाकटी उठते, त्याच कणगीतलं धान्य घेते, जेवण वेळेवर. हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. फक्त निलंग्याकडचे एक म्हातारे सदस्य होते, त्यांनी विचारलं, "आन् दोघी एकदम उठल्या तर?"

प्रश्न शंभर नंबरी होता. मी सांगितलं, त्याची सोय आहे. दोघींच्या मध्ये एक छोटी वायर असते. त्या वायरीतून धाकटी दर दोन सेकंदांनी विचारते, हायस का? थोरली म्हणते, हाय. हायस का? हाय. दिवसभर, रात्रभर, बारा महिने, दुसरं बोलणं नाही. ज्या क्षणी उत्तर येणार नाही, त्या क्षणी थोरली गेली असं समजून धाकटी उठते. म्हातारबुवा म्हणाले, चांगलं हाय, आमच्या घरात एवढं बी बोलत न्हाईत.

यादीत आणखी एक बारकं उपकरण होतं. त्याचं काम एवढंच की धाकटीनं कणगीला हात लावायच्या आधी थोरलीची वीज तोडायची. म्हणजे थोरली खरंच गेली असो की नुसती गप्प बसलेली असो, दोघींचे हात एकदम कणगीत जायला नकोत. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. "एका मशिनीनं दुसरीची लाईट तोडायची?" मी म्हणालो, हो. ते म्हणाले, "बिराजदार, आपल्या संस्थेत दोन गट हायत ते पुरे झाले. मशिनीत भावकी लावू नका." सगळे हसले, मीही हसलो, आणि त्या ओळीवर लाल रेघ बसली. मी तिथं भांडायला पाहिजे होतं. मशिनी हातच्या जातील ह्या भीतीनं गप्प बसलो, हे आज कबूल करतो.

माझा मूळ बेत होता की एक मशीन लातूरला ठेवायची, एक नांदेडला. पण कागदावर एकीला 'मुख्य' म्हटलेलं आणि दुसरीला 'राखीव'. नांदेडच्या प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, राखीव आम्हीच का? लातूर-नांदेडचं हे दुखणं बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. कार्यालय कुठं व्हावं, गाडी कुठून सुटावी, ह्यावरून इथं सख्खे साडू बोलेनासे होतात. तीन बैठका झाल्या, चहा लई झाला, आणि शेवटी वैतागून दोन्ही मशिनी आणि पेटी लातूरच्या एकाच खोलीत बसवल्या. खोलीची किल्ली बब्रुवान मामांकडं. मामा आमचे सगळ्यात जुने शिपाई, माझ्यापेक्षा वयानं आणि मानानं मोठे.

आता वाघमारे मॅडम. सुजाता वाघमारे, नांदेडच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. आमच्यासारख्या अनुदानित कॉलेजात माणूस नेमते संस्था, पण ती नेमणूक वरच्या कार्यालयानं मान्य करावी लागते. ती मान्यता येईपर्यंत माणूस कामावर असतो, आणि कागदावर नसतो. मॅडम नऊ वर्षं अशा होत्या. दरवर्षी प्रस्ताव जायचा, दरवर्षी त्रुटी निघायची, दरवर्षी त्या उत्तर पाठवायच्या. शेवटी सुनावणी लागली, दसरा झाल्यावर दोन आठवड्यांनी. नोटिशीत लिहिलं होतं की सगळी उत्तरं मुदतीत पाठवल्याचा पुरावा म्हणून मूळ मेल प्रत्यक्ष उघडून दाखवावेत. छापील प्रतीवर तारीख कुणीही टाकू शकतं, त्यामुळं ती चालणार नाही. दाखवले तर मान्यता, नाही तर प्रकरण बंद. आणि ते नऊ वर्षांचे मेल होते माझ्या कणगीत.

हे मला माहीत होतं, कारण त्याच सुमाराला मी नांदेडला गेलो होतो. नांदेडच्या लोकांचा लातूरवर विश्वास नाही, म्हणून प्रत्येकानं आपापल्या कॉम्प्युटरवर सगळ्या मेलची आपली आपली प्रत ठेवलेली. रोज सकाळी दहाला तिथल्या अकरा मशिनी एकदम लातूरच्या पेटीशी आपलं घर जुळवून घ्यायच्या, तिकडं आलेलं इकडं आणायच्या, तिकडं पुसलेलं इकडं पुसायच्या. त्यात लाईन अशी बसायची की बाराशिवाय कुणाचं काम व्हायचं नाही. मी परिपत्रक काढलं, अशा प्रती ठेवू नयेत. कुणी ऐकेना. मग स्वतः गेलो आणि एकेका टेबलावर बसून एकेक प्रत पुसून काढली. प्रत्येकाला दोन जावांची गोष्ट सांगायचो. मला ती गोष्ट सांगायला आवडायला लागली होती.

ग्रंथालयात मॅडमनी गोष्ट नीट ऐकून घेतली. मग विचारलं, दोन्ही मशिनी कुठं असतात? एका खोलीत. पेटी? एकच. किल्ली? बब्रुवान मामांकडं. त्यांनी पुस्तकाला शिक्का मारता मारता म्हटलं, "आमच्यात एका पुस्तकाच्या दोन प्रती एका कपाटात ठेवत न्हाईत सर. वाळवी कपाट बघून येते, पुस्तक बघून न्हाई." मी जरा चढ्या आवाजात म्हणालो की मॅडम, हे पुस्तकं नाहीत, हे तंत्रज्ञान आहे. त्या म्हणाल्या, बरं. वाचनकक्षातला कॉम्प्युटर दाखवला. मी त्यावरची प्रत पुसली. कोपऱ्यात भरतकामाच्या कापडाखाली आणखी एक झाकलेला होता, वर जुन्या नियतकालिकांचा गठ्ठा. ते काय, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, जुनं हाय, निर्लेखनाच्या यादीत हाय. निर्लेखन म्हणजे मोडीत काढायचं सामान. मी चहा पिऊन उठलो आणि पहिल्या गाडीनं लातूर गाठलं, मोठं काम केल्यासारखा.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. शेतकऱ्याचा नांगर, गवंड्याची थापी, ड्रायव्हरची गाडी, तसं ऑफिसात टाइपरायटर होता तोवर टाइपरायटर, पुढं कॉम्प्युटर आणि झेरॉक्स. बब्रुवान मामा ह्या पूजेचे मालक. दरवर्षी सगळं पुसून, हळदीकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून, दुपारी एकला ऑफिस बंद. दोन मशिनी आल्यापासूनची ही पहिलीच खंडेनवमी होती. मामांनी मला आठ दिवस आधी विचारलं, दोघींना वेगवेगळी माळ घालू का एकच? मी फायलीतून मान वर न काढता म्हणालो, एकच घाला, जावा आहेत. हे मी म्हणालो. दुसऱ्या कुणी नाही.

मामांनी लांब माळ आणली. एका मशिनीच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत. पण मध्ये एक छोटी वायर लोंबत होती आणि माळ नीट बसेना. वायरा डोळ्यासमोर असाव्यात म्हणून मशिनी पाठ पुढं करून बसवल्या होत्या, ती शक्कलही माझीच. मामा काळजीचा माणूस. त्यांनी विचार केला, लाईटच्या वायरीला हात लावायचा नाही, नेटच्या वायरीला लावायचा नाही, हे साहेबांनी बजावलंय. ही वायर तर कुठंच जात नाही. ह्या डबड्यातून निघते आणि त्या डबड्यात शिरते. त्यांनी ती अलगद काढली, पुसली, गुंडाळी करून रबर लावलं, आणि पाटावर स्क्रू ड्रायव्हरच्या शेजारी ठेवून तिच्या दोन्ही टोकांना कुंकू लावलं.

मी त्या पूजेला हजर होतो. हात जोडून उभा होतो. पाटावर ती वायर माझ्यासमोर होती आणि मला दिसली नाही, कारण मी पेढ्याच्या पुड्याकडं बघत होतो.

दोन सेकंदांत धाकटीनं विचारलं, हायस का? उत्तर नाही. थोरलीला काही झालं नव्हतं, ती चुलीपाशीच होती. पण उत्तर नाही म्हणजे गेली, असं तिला मीच शिकवलं होतं. धाकटी उठली, पदर खोचला आणि कणगीत हात घातला. थोरलीचा हात आधीच आत होता. आता दोघीही मालकीण. एकीनं ज्वारी ठेवली त्या जागी दुसरीनं मीठ ओतलं. असं दीड दिवस चाललं. एकीची वीज तोडणारं ते उपकरण असतं तर काही झालं नसतं. शहाणा माणूस निदान मधली वायर तरी दोन ठेवतो. सगळ्यांना दोन-दोन सांगून घसा कोरडा करणाऱ्या माणसानं ती एकच ठेवली होती.

दसऱ्याला संध्याकाळी लोक आपट्याचं पान द्यायला घरी आले. एकानं पाया पडता पडता सांगितलं की सर, कालपासून मेलमध्ये कायतरी गंमत होऊन राहिली. त्याच्या फोनवर बघितलं. उदगीरच्या प्राचार्यांच्या सत्काराचं निमंत्रण होतं. वर मान्यवरांची नावं, आणि मध्येच वाक्य तोडून वसतिगृहाच्या संडासाच्या टाकीचं कोटेशन सुरू झालेलं. मी पान हातात घेऊन तसाच चपला घालून निघालो. खोली उघडली तर दोन्ही मशिनींचे दिवे हिरवेगार, गळ्यात एक माळ. पाटावर वायर.

चार दिवस खपून मी बरंच काढलं. लातूरचं जवळपास सगळं, उदगीरचं निम्मं. जास्तीची प्रत म्हणून ठेवली होती तीही गेली, कारण ती मी त्याच पेटीच्या दुसऱ्या कप्प्यात ठेवली होती. नांदेडचा कप्पा तर पार माती. सचिव साहेबांनी एवढंच विचारलं, "दोन होत्या ना, बिराजदार?" अहवालात मी 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं आणि खाली माझी सही केली. बब्रुवान मामांना कुणी काही बोललं नाही, पण ते तीन दिवस जेवले नाहीत. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "साहेब, पूजेत काय चुकलं ते सांगा. मी पुन्हा करतो." मी सांगितलं की मामा, पूजा बरोबर होती, चूक माझी होती. त्यांना ते पटलं नाही, अजून नाही.

मला आठवण मात्र एकच होती, सुनावणीला आठ दिवस राहिलेत. बाकी कुणाचं गेलं त्याचं कोटेशन गेलं, पत्रिका गेली. ह्या बाईची नऊ वर्षं गेली होती. आणि तिच्या कॉम्प्युटरवरची प्रत मी माझ्या बोटांनी पुसून आलो होतो, वर भाषण देऊन. फोनवर सांगायची हिंमत होईना. सकाळची नांदेड गाडी धरली. अहमदपूर, लोहा, वाटेत तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, मंत्र म्हणून राहिलात का?

ग्रंथालयात मॅडम एकट्याच होत्या. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. उभ्या उभ्या सांगून टाकलं की नांदेडचे सगळे मेल गेले, तुमचे पण गेले, परत येणार नाहीत, आणि चूक माझी आहे. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, आधी बसा, पाणी प्या. उठून वाचनकक्षाचं दार लावलं. कोपऱ्यात गेल्या, नियतकालिकांचा गठ्ठा खाली ठेवला, भरतकामाचं कापड घडी करून बाजूला ठेवलं.

मी म्हणालो, हे तर मोडीतलं. त्या म्हणाल्या, "मी खोटं बोलले न्हाई सर. यादीत हायच ते. चालू हाय का, हे तुम्ही विचारलं न्हाई."

मला रडू आलं, लपवत नाही. पण दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं. ही प्रत रोज सकाळी लातूरशी घर जुळवून घेणारी. तिकडं जे पुसलं ते इकडं पुसणार. तिकडं आठवडाभर राख होती. म्हणजे हीही रोज सकाळी राख होत गेली असणार. मी ओरडलोच, की मॅडम, ह्याला नेटची वायर आहे का? मागे वाकून बघितलं तर वायर नव्हती. भिंतीला गुंडाळून खिळ्याला अडकवलेली.

"दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीला जातो, नागपूरला," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी सगळ्या वायरी काढूनच कुलूप लावते मी, दरवर्षी. आल्यापासून सुनावणीच्या कागदांतच होते, ह्याला हात लागला न्हाई." खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी काढली होती त्यांनी.

मशीन सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. आम्ही दोघं समोर बसून राहिलो. पहिला प्रस्ताव दिसला, मग पहिली त्रुटी, मग उत्तर. नऊच्या नऊ वर्षं होती, तारखांसकट. मी खिशातून पेन ड्राइव्ह काढून म्हणालो, चला, एक प्रत करून घेतो. मॅडमनी हात आडवा धरला. त्यांनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "प्रत मी करून घेते सर. तुम्ही नका हात लावू." आणि खरंच त्यांनी स्वतः केली, एक न्हवं तीन, आणि तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या. मी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून होतो. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल इतकं खरं मत मला कुणी दिलेलं नाही.

सुनावणी लातूरला होती. मूळ मेल प्रत्यक्ष उघडून दाखवा म्हटलंय, तर मूळ मशीनच नेते, असं त्यांनी ठरवलं. मी घ्यायला नांदेडला गेलो. चादरीत गुंडाळलेला तो कॉम्प्युटर घेऊन आम्ही एस.टी.त बसलो. कंडक्टरनं विचारलं, आत काय हाय? मॅडम म्हणाल्या, नोकरी. त्यानं चादरीकडं बघितलं आणि पुढं गेला. डबा साडेतीन तास त्यांच्या मांडीवर होता. मी तीनदा म्हणालो, द्या थोडा वेळ माझ्याकडं. तिसऱ्यांदा त्यांनी तो दुसऱ्या बाजूला वळवून घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही फक्त खिडकी लावा सर, धूळ येऊन राहिली."

अधिकाऱ्यांनी एकेक मेल उघडून घेतला, तारखा लिहून घेतल्या, दोनदा कागदाशी पडताळल्या. मग विचारलं, हे संस्थेच्या सर्व्हरवर का नाही दाखवत? मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी उभा राहून सांगितलं की सर्व्हरचा प्रमुख मी आहे, आणि तिथं नाहीत. ते म्हणाले, मग इथं कसे? मी म्हणालो, कारण ह्यांनी माझं ऐकलं नाही.

महिन्याभरानं मान्यतेचा आदेश आला. मेलनं आला, दोन जावांमधूनच. आता एक जाऊ नांदेडला आहे, तिची वेगळी कणगी आहे, आणि किल्ली वाघमारे मॅडमकडं. कागदावर लातूरची 'मुख्य' आहे आणि नांदेडचीही 'मुख्य' आहे. राखीव कुणीच नाही. बब्रुवान मामा दर खंडेनवमीला लातूरच्या मशिनीला माळ घालतात, आणि घालण्याआधी मला घरी फोन करून विचारतात.

निवृत्तीच्या आधी मी एक शेवटचं परिपत्रक काढलं. मागचं परिपत्रक रद्द, ज्यांना आपल्या मेलची प्रत आपल्याकडं ठेवायची आहे त्यांनी खुशाल ठेवावी, लाईनचं आम्ही बघू. सगळ्यांना मेल केलं. तासाभरात मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, वाचलं, चांगलं हाय, पण असलं मेलवर नको सर. सही करून टपालानं पाठवा, मला आवक नंबर टाकून ठेवायचंय.

मी पोस्टात गेलो आणि रजिस्टरनं पाठवलं. परत आल्यावर फोन करून सांगितलं, पाठवलंय, पोचेल दोन दिवसांत. आणि तिसऱ्या दिवशी बब्रुवान मामा नांदेडला आपल्या मुलीकडं निघाले होते, त्यांच्या पिशवीत आणखी एक प्रत दिली.